तालीम

चर्चच्या तळघरात घडीच्या खुर्च्या मांडल्या,
इस्त्रीची फळी आडवी टाकली, वर चार रिकामे कप,
झाला काउंटर.
थॅडियस म्हणाला, ओझेला, तुझा आवाज मोठा,
आज गोरा पोरगा तू हो.

मी हसले. सगळेच हसले.
बाहेर टेनेसीचा फेब्रुवारी, आत रॉकेलची शेगडी.
व्हर्लीनने जीवशास्त्राचं पुस्तक उघडलेलं,
बेडकाच्या हृदयाचं पान.
सोमवारी आम्हा दोघींची परीक्षा.

आधी साखर ओतली तिच्या केसांत.
तेच केस, आदल्या रात्री
मीच गरम कंगव्याने सरळ केलेले,
चटका बसू नये म्हणून तिचा कान दुमडून धरत.
मान न वळवता ती म्हणाली,
जोरात ओढ गं. हे तर लाड झाले.

मग शब्द हवे होते.
वाटलं, आठवावे लागतील.
नाही लागले.
पेट्रोल पंपावर बाबांना म्हटलेले,
कापसाच्या काट्यापाशी काकाला,
आईला, ती धुतलेल्या चादरी पोचवायला गेली तेव्हा
मागच्या दारात...
एकही कधी वहीत उतरवला नव्हता.
सगळे तोंडपाठ.
इतके सरळ आले
की थॅडियस घड्याळ बघायचं विसरला.
व्हर्लीनने पान उलटलं.

नंतर नळाखाली तिचं डोकं धरून
बराच वेळ साखर धूत राहिले.
विरघळण्याआधी ती चिकटते.
आम्ही बोललो नाही.

शनिवारी खऱ्या काउंटरवर बसलो.
स्टूल गोल फिरतं, हे तालमीत कुणी सांगितलंच नव्हतं.
वाढणारी बाई खाली मान घालून
एकच जागा पुसत होती, पुसतच होती.
माझ्या पाठीशी कुणी येऊन उभा राहिला.
नव्या दाढीचा, साबणाचा वास. माझ्याच वयाचा असणार.
त्याने सुरुवात केली
आणि तिसऱ्या वाक्याला अडखळला.

पुढचं वाक्य मला येत होतं.
अगदी जिभेवर.
दात आवळून ते गिळलं,
पाठ ताठ ठेवली.

शेजारी व्हर्लीन पुटपुटत होती:
अलिंदं दोन, निलय एकच,
शुद्ध आणि अशुद्ध रक्त
तिथे मिसळतं.
तरी बेडूक जगतो.
हे परीक्षेत येणार बघ, ती म्हणाली,
आणि तेवढ्यात त्याला त्याचं वाक्य आठवलं.