धाव

डौगावपिल्स. ट्रामचा डेपो. पहाटे उणे चौदा.
चाकावर नवी धाव चढवायची आहे
आणि धावेचं भोक चाकाहून लहान आहे,
केसभर.

'तापव,' इल्मार्स म्हणतो.
मी बर्नर पेटवते. पलीकडच्या ग्राइंडरची ठिणगी
मनगटावर बसते, हजार अंशांची,
मुंगीइतकीही चावत नाही.
'तापमान पुष्कळ, उष्णता चिमूटभर.
त्या किटलीला मात्र जप. शंभराच्या आतच आहे,
पण भरलेली आहे.'

मला वाटायचं, लोखंड फुगेल ते आतूनही,
भोक आवळत जाईल.
शाळेत तसंच लिहिलं होतं. भोपळा मिळाला.

तो गेज लावून दाखवतो: दीड मिलिमीटर जास्त.
'भोकही वाढतं. तिथंही लोखंडच आहे
असं समजून वाढतं.'
मग गप्प होतो.
स्काइद्रीते दोन वर्षं आयर्लंडात अळंबी खुडते आहे.
डबा तो अजून दोघांचा आणतो;
अर्धा मी खाते.

साखळीवरून धाव उतरते,
चाकावर बसते, हलकेच, टोपीसारखी.
आता घाई नाही. पाणी मारायचं नाही.
निवता निवता ती स्वतःच धरेल.

हातमोजे काढतो. चहा कोमट झालाय.
काचेबाहेर पहिली ट्राम निघते.
थंडीनं रूळ आखडलेत, फटी रुंदावल्यात,
प्रत्येक सांध्याला ठक्.
इल्मार्स मोजत असावा.
ओठ हलतायत.