नाकातून

पासपोर्ट आला तेव्हा आधी त्याचा वास घेतला.
बाबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये तेहतीस वर्षं,
त्यांच्या डब्यालाही शाईचा वास यायचा.
हजारो कोरी पुस्तकं हाताखालून गेली,
स्वतःचं एकही नव्हतं.
रोज गेटवर झडती देऊन घरी यायचे.
लांबचा प्रवास म्हणजे मनमाड,
तेही गाडी बदलायला.

एकोणीस वर्षं मी फ्रेंच शिकवते.
मार्क पडतात म्हणून घेतात मुलं,
मीही तशीच घेतली होती.
एवढ्या वर्षांत फ्रेंच माणसाशी बोलले एकदाच,
त्र्यंबकच्या बसस्टँडवर.
माझं वाक्य पुरतं ऐकून घेऊन
तो नम्रपणे म्हणाला,
इंग्लिशमध्ये बोलूया का?

त्या ‘का’पायी तीन उन्हाळे शिकवण्या घेतल्या
आणि चौथ्या उन्हाळ्यात
तीन आठवड्यांच्या कोर्सला गेले.
गावाचं नाव तूर.
आई म्हणाली, डाळीसारखं?
हो गं, डाळीसारखं.

वर्गात सगळ्यांत थोराड मीच.
एक कोरियन मुलगा, ब्राझीलच्या दोन नर्सा,
पोलंडचा एक पाद्री.
पहिल्याच हजेरीत माझा ह गेला.
एमांगी.
मी वळून पाहिलं, कोणाला हाक मारतायत.
व्याकरणात पहिली आले,
बोलण्यात शेवटून दुसरी.
पाद्री फारच लाजाळू होता.

सर म्हणायचे, मादाम, नाक! नाक वापरा!
आणि स्वतःच्या नाकावर बोट ठेवून दाखवायचे.
काय सांगू त्यांना,
मी ज्या गावची
त्याचं नावच एका कापलेल्या नाकावरून पडलंय म्हणतात.

मग एका रात्री झोप येईना
तेव्हा बाबांची पत्रं आठवली,
मी पुण्याला हॉस्टेलवर असतानाची.
पैसे पाठवले नाहींत. कांहीं काळजी करूं नकोस. तें घर मिळालें.
नियम बदलून जमाना झाला
तरी त्यांची टिंबं जागच्या जागी.
उच्चार होत नाही, तर देता कशाला?
असूं दे, म्हणायचे. होत असेल कधीतरी.

दुसऱ्या दिवशी बेकरीत पाव मागताना
ते टिंब आपसूक शब्दाच्या डोक्यावर येऊन बसलं.
बाईनं पुन्हा विचारलं नाही.
पाव कागदात गुंडाळून दिला.

मादाम ब्रोशारकडे मी राहायचे.
वय एक्याऐंशी, कानात यंत्र.
रात्री सूप, सूपनंतर चीज,
चीजबरोबर प्रश्न.
आणि वडील?
घाईत माझ्या तोंडून मराठीच बाहेर पडलं,
फ्रेंच कपडे घालून:
वडील गेले.
कुठे? तिनं विचारलं.

खरंच की. तिच्या भाषेत
जाणाऱ्यानं ठिकाण सांगावं लागतं.
दर ऑगस्टला मीच लिहिते फळ्यावर.
चूक सुधारता आली असती,
एका शब्दाचं काम.
पण चार वर्षांत मला हे
कोणी विचारलंच नव्हतं.

म्हणाले, नदीला.
रामकुंडातून पुढे. समुद्राकडे.
जवळच्या नाही, जवळ एक आहे,
पण आमची नदी उलटी जाते, लांबच्या समुद्राला,
सगळा देश ओलांडून.
म्हातारीनं यंत्र नीट बसवलं, विचार केला.
मग पोचायला वेळ लागेल, म्हणाली,
आणि माझ्या ताटलीत
चीजचा आणखी एक तुकडा ठेवला.

जुलैत कॉलेज सुरू झालं.
पहिल्या बाकावरचा अथांग काठे म्हणाला,
मॅडम, काय नवीन आणलं तिकडून?
चॉकलेटं वाटली.
मग फळ्यावर पाव लिहिला, त्यांच्या लिपीत,
शेवटचं अक्षर खोडलं, वर टिंब दिलं.
नाकातून, म्हटलं. नाशिकचे ना तुम्ही?
वर्ग खिदळला,
आणि चाळीस नाकांतून चाळीस तऱ्हांचे पाव निघाले,
बरेचसे कच्चे.

संध्याकाळी आई तांदूळ निवडत होती.
परत जाणार का गं त्या डाळीच्या गावाला?
बघूं, म्हटलं.
तिनं हात थांबवला, मान वर केली,
जणू दुसऱ्याच कोणी उत्तर दिलं होतं.