अबलख

मार्चच्या रात्री इथली थंडी
ओल्या घोंगडीसारखी खांद्यावर बसते, उठत नाही.
तिसऱ्या ठाणात दिवा बारीक केलेला.
कालपासून घोडीच्या सडांवर मेण होतं.
टाइग म्हणाला, आज.
टाइगचं ‘आज’ चुकत नाही.
त्याच्या वडिलांचंही चुकत नसे म्हणतात,
एकदाच चुकलं, स्वतःच्या बाबतीत,
कुंपण दुरुस्त करताना.

माझ्या करारात लिहिलंय : रात्रीची देखरेख,
आठ ते सहा, एकाआड एक रविवार मोकळा,
बूट मालकाचे.
बाकी काही लिहिलेलं नाही.

पुढचे पाय आले, मग नाक,
मग सगळं शिंगरू एकदम, भिजल्या पोत्यासारखं.
नाळेला आयोडीन लावेपर्यंत सगळं ठीक.
मग मी घोडीचा ओठ उचलून पाहिला.
हिरड्या खडूसारख्या.
ओर्ला डॉक्टर न्यूब्रिजहून निघाली, वीस मिनिटांचा रस्ता.
घोडीनं बाराच घेतली.

वार फरशीवर पसरून तपासायची असते,
दोन शिंगं, एक धड.
आत तुकडा राहिला तर घोडी दगावते.
मी तरीही पसरली. हातांना दुसरं काम नव्हतं.
नळीचं पाणी मारून, गुडघ्यांवर बसून
कडेला कडा जुळवत गेले.
पूर्ण होती. आत काहीच राहिलं नव्हतं.

पहाटे चारला टिपररीहून मॉस केलिहर आला.
ट्रेलरमध्ये जाडजूड, केसाळ खुरांची अबलख घोडी,
कास रस्ताभर ठिबकत आलेली,
आणि पुढच्या सीटवर, खताच्या गोणीत,
तिच्या काल मेलेल्या शिंगराचं कातडं.

आम्ही ते आमच्या शिंगराला नेसवलं.
दुसरा शब्द मला सुचत नाही.
गवताच्या गठ्ठ्यांची निळी सुतळी पोटाखालून,
गळ्यापाशी सैल गाठ.
ढगळ झालं, मागे लोंबत राहिलं,
थोरल्या भावाचा कोट घालून शाळेला निघाल्यासारखं.

घोडी हुंगत राहिली.
मॉसनं टोपी काढून काखेत धरली.
कुणी खोकलंसुद्धा नाही.

तिला कळलं असणार. हे माझं मत, टाइगचं नाही.
पाठीवर ओळखीचा वास आणि खाली
भलतेच पाय, भलताच श्वास,
एवढं न कळायला ती काय खुळी होती?
पण कास तटतटली होती.
तिनं मागचा पाय जरासा बाजूला घेतला.

चौथ्या दिवशी कातडं सोडलं, कुजायला लागलं होतं.
मी फावडं आणलं. मॉस म्हणाला, नको,
तिकडचं आहे, तिकडे नेतो.
गोणी पुन्हा पुढच्या सीटवर ठेवली.
गाडी किणकिणत राहिली म्हणून
तिला पट्टा लावला आणि निघून गेला.

घोडीनं मान वर केली नाही, चरत होती.
टाइग शिंगराला कुरणाकडे ढकलत होता,
‘हलू, हलू’ म्हणत.
माझ्याकडून उचललेला शब्द,
‘ळ’ त्याच्या तोंडात काही बसत नाही.
शिंगराचं तेवढ्यावर भागत होतं.