भरून पावले

अब्बा गेले तेव्हा माझ्या नावावर
तीन शेळ्या, कल्हईचा भाता, नवसागराची अर्धी पिशवी
आणि नळेगाव रस्त्याला सव्वा एकर काळी.
मदारचाचांनी सगळं लाल वहीत उतरवलं,
वर लिहिलं : यतीम जैतुन हिचा माल.
खाली रेघ मारली
आणि बराच वेळ नुसते बसून राहिले.

जुम्म्याला पेशइमाम म्हणाले होते,
यतीमाचा माल नाहक खाणारा पोटात विस्तव भरतो.
चाचांनी घरी येऊन चूलच वेगळी केली.
माझ्या ज्वारीची भाकरी वेगळी,
माझं वरण वेगळ्या गाडग्यात,
माझ्या शेळीचं दूध चिंधी बांधलेल्या तांब्यात.
मी सहा वर्षांची. खाणार ती केवढं?
उरलेलं आंबायचं, कुणी बोट लावायचं नाही.
चाचीची पोरं माझ्या गाडग्याकडे बघत अंबाडी गिळायची,
मी त्यांच्या एका परातीकडे बघत वरण.
चौथ्या दिवशी भाकरीला बुरशी धरली.
हुरमतचाची ती तशीच हातात घेऊन
मशिदीच्या पायरीशी उभी :
"हे कुणी खाल्लं म्हणायचं, हजरत?"

पेशइमाम हसले नाहीत.
म्हणाले, ही अडचण पहिल्या लोकांनाही आली होती.
मिसळा. भावंडंच आहेत ती.
बिघडवणारा कोण, सावरणारा कोण, त्याला कळतं.
मग चाचांच्या सदऱ्याचा फाटका कोपर बघून, हळू :
"सांभाळणारा गरीब असेल तर रीतीनं खावं त्यानं. मनाई नाही."
चाचांनी ऐकलंच नाही असं केलं.

त्या रात्री परातीत माझाही हात.

डोक्यावरून हात फिरवायला लोक यायचे,
म्हणे केसागणिक नेकी.
ईदच्या आधी तर वेणी टिकायची नाही.
कुणी फित्र्याचे गहू आणले की चाचा दारातच अडवायचे,
"हिच्याकडे जमीन आहे. बाप नाही, एवढंच.
गहू मागच्या गल्लीत द्या, चांदबीकडे."
मला राग यायचा. गव्हाच्या पोळ्या झाल्या असत्या.

पंधराव्या वर्षी पारख म्हणून
एक बोकड घेऊन बाजारात धाडलं.
दलालानं सात रुपयांना बुडवलं मला.
चाचा काही बोलले नाहीत,
वहीत लिहिलं, अजून एक वर्ष.
पुढच्या साली मीच दलालाला रडवलं.

मग चौबाऱ्याजवळच्या दुकानात
पेशइमाम आणि लिंगाप्पा तेली, दोन साक्षीदार.
चाचा बोट ठेवून ठेवून वाचत होते.
भाता, गंजलेला. काळी, सव्वा एकर, बटईचे पैसे अमुक.
चाचीच्या दवेला उसने घेतले अकरा, फेडले नऊ, बाकी दोन.
दोनाची नोट माझ्या तळव्यावर ठेवली.
मग शेळ्या. एक विकली, पाच व्याल्या,
आणि मधेच एक ओळ :
पांढऱ्या कानाची पाट, मेली.

तिथं बोट जरा लवकर सरकलं.

ते साल मला आठवतं.
चाची अंथरुणाला खिळलेली, रक्ताची गुळणी,
डॉक्टर म्हणाला, अंगात काही उरलं नाही, चांगलंचुंगलं खाऊ घाला.
पाट मेली त्या आठवड्यात
घरात तीन दिवस शोरब्याचा वास होता.
मेलेल्याचा शोरबा आमच्यात होत नाही.

रीतीनं खायची मुभा होती त्यांना.
नुसतं लिहायचं होतं.
अकरा रुपये लिहिणाऱ्या हाताला
तेवढे दोन शब्द का जड गेले,
हे मी आज साठीतही सांगू शकत नाही.

लिंगाप्पानं दौत पुढे सरकवली.
चाचा माझ्याकडे न बघता छताकडे बघत होते.
त्या शोरब्याचा एक वाडगा मीही प्याले होते,
भाकरी कुस्करून, वर आणखी मागून.

वही ओढली.
पांढऱ्या कानाच्या पाटीखालीच जागा होती थोडी,
तिथंच लिहिलं, वळणदार,
भरून पावले.