पाव आटा

समर्थ मंदिराचा चढ दुसऱ्या गिअरात निघतो.
पहिल्यात टाकली की एम-एटी रुसते,
नुसता धूर सोडते, मागचा रिक्षावाला हॉर्न बडवतो,
आणि मी मान न वळवता म्हणते, जा की मग पुढं.

अकरा वर्षं पिग्मी गोळा करतेय.
रोजची बेचाळीस दुकानं.
मोती चौकातला भांडीवाला पन्नास,
सदर बझारची शिवणकामवाली दहा, तेही सुट्टे,
आणि एक चपलांचा दुकानदार, जो रोज उद्या म्हणतो
आणि मला रोज पाणी देतो.

गाडी अण्णांची. यावरच कण्हेरहून दूध आणायचे.
किटल्या अडकवायचे हूक अजून तसेच आहेत:
डावीकडं पावत्यांची पिशवी, उजवीकडं मेथी, दोडका, काय असेल ते.
पावसाळ्यात सीटखालच्या फोमला
अजूनही आंबूस वास येतो.
लोक म्हणतात, विक, स्कूटी घे, बटण दाबलं की चालू.
घेईन.

इलाही शिकलगारांनी मला शिकवलं.
राधिका रोडला पत्र्याची टपरी, पुढं ऑइलनं काळी झालेली जमीन.
प्लग काचकागदानं घासायचा, फट ठेवायची
हॅक्सॉच्या पात्याएवढी, डोळ्यानं नाही, पातं घालून.
क्लचची तार तुटायच्या आधी एक-एक केस सोडते,
बोटाला टोचली की समजायचं.
दिवाळी झाली की सायलेन्सर काढून
शेणींच्या विस्तवात जाळायचा, लाल होईस्तोवर.
शेजारच्या जोगळेकरबाई खिडक्या लावून घ्यायच्या.
थंड झाल्यावर चाचा तो दगडावर आपटायचे,
आतून वर्षभराची काजळी पडायची, मूठभर.
"बघ," म्हणायचे, "एवढं घेऊन चढत होती बिचारी."

मग त्यांचे हात थरथरायला लागले.
नट बसेना, बसला तर आटे जायचे.
लेकीनं इचलकरंजीला नेलं.
टपरीच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

मार्चएंडच्या संध्याकाळी बोगद्यापाशी गाडी बंद पडली.
पिशवीत अकरा हजार चारशे, अंधार पडत आलेला.
किक मारली की सुरू व्हायची, अॅक्सिलरेटर सोडला की मरायची.
फोन लावला.

"गाडीजवळ धर," म्हणाले.
धरला. मारली किक.
"तोंडात पान असल्यागत बोलतीया. हवा चुकलीया.
पेचकस हाय?"
आहे.
"कार्बोरेटरचा बाजूचा स्क्रू. पाव आटा आत.
पाव म्हणलं, अर्धा न्हवं."
फिरवला. विझली.
"आता केसभर मागं. हां. मार."

डुगडुगडुगडुग.
हात काढून घेतला तरी चालूच.
चाचा काही बोलेनात.
पलीकडं कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी सातचा पाढा म्हणत होतं,
आणि ते ऐकत होते.
"बंद करू?" मी विचारलं.
"नगं. ऱ्हाऊ दे जरा."

तेव्हापासून शुक्रवारी बिघाड नसतानाही फोन करते.
फोन पिशवीत टाकते, पिशवी हुकाला, आणि निघते.
घरी पोचल्यावर कानाला लावला की सांगतात:
कमानी हौदापाशी कुणीतरी आडवं आलं न्हवं?
राजवाड्याला तिसरा लवकर टाकलास.
समर्थ मंदिराला मात्र बरोबर, दुसऱ्यात काढलीस.

परवा सगळं सांगून झाल्यावर थांबले.
"मंगळवार तळ्याच्या वळणावर काय आपटलं गं?"

नवा गतिरोधक झालाय तिथं, दिवाळीनंतर.
त्यांच्या वेळी नव्हता.