सात नंबरचं वळण

पुसदच्या पुढे, दोन डोंगरांच्या खोऱ्यात
चार किलोमीटरचा डांबरी रस्ता आहे
जो कुठेच जात नाही.
निघतो तिथेच परत येतो.
बाबा पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले,
"मंग निघाचं तरी काहून?"

वळणांना कंपनीने आकडे दिले,
नावं आम्ही ठेवली.
तीन म्हणजे बिबला, तो तोडला तिथलं.
पाच म्हणजे नाला, आता पाइपातून जातो.
सात म्हणजे पंचफुलाचं वळण.
पंचफुला मी.
नारिंगी जाकीट, शिटी, रेडिओ, झेंड्या.

पिवळी : पुढे काहीतरी बिनसलंय.
निळी : मागचा तुझ्याहून जोरात आहे, वाट दे.
(निळी दाखवली की
हेल्मेटातली शिवी मला इथवर कळते.)
लाल : थांबा. सगळे.
लालची घडी चार वर्षांत मोडली नव्हती.

इथे गाडी आधी जाते, आवाज मागून येतो,
मग समोरचा डोंगर तोच आवाज
उष्टा करून परत टाकतो.
एका गाडीच्या तीन होतात.
पहिल्या वर्षी मी तिघींनाही झेंडी दाखवायचे.

बाबा शंकरपटाचे घड्याळजी.
बारा गावांच्या दानीवर
त्यांच्या अंगठ्याचा शब्द शेवटचा.
पाव सेकंदावरून एकदा दोघे सख्खे भाऊ
वर्षभर एकमेकांशी बोलले नाहीत,
बाबांना मात्र दोघंही रामराम घालत.
इथे तार मोजते, सेकंदाचा हजारावा भाग.
तरी बाबा येतात, टायरांच्या भिंतीमागे
बोरीखाली बसतात, जुनं घड्याळ दाबतात.
फळ्यावरच्या आकड्याशी त्यांचं जुळत नाही.
"तारेले घाई हाय," म्हणतात.

फाल्गुनात शर्यत ठेवू नका,
मी लिहून दिलं होतं.
माझ्या पाठीशी सगळा उतार पळसाचा,
फुलला की लाल झेंडी कुठे संपते
मलाच कळत नाही.
साहेब हसले.
त्या वर्षीच्या पोस्टरवर पळसच छापला.

सोळाव्या फेरीला रोही उतरली.
तारेच्या कुंपणाखालून कशी आली कोण जाणे,
गाभण होती, पोट डांबरावर सावलीसारखं.
रस्त्याच्या मधोमध उभी राहिली,
बांधावर राहावी तशी.

रेडिओत कुणीतरी विचारत होतं : खात्री आहे का?
मी लाल उघडली. दोन्ही हातांनी हलवली.
पहिली गाडी तशीच गेली,
रोहीच्या शेपटाला वारा घालून.
त्याला दिसला असणार फक्त पळस.
दुसरी बिबल्याला वळताना ऐकू आली.

तेवढ्यात माझ्या मागे पांढरं झालं.

बाबा टायरांवर चढले होते.
खांद्यावरचा दुपट्टा दोन्ही हातांत ताणून,
हात जातील तितके वर,
लग्नात अंतरपाट धरतात तसा,
आणि त्या पांढऱ्यावर माझी लाल
एकदम लाल झाली.

ब्रेकचा वास आधी आला.
मग एकेक इंजिन पडत गेलं,
डोंगराने शेवटचं इंजिन दोनदा परत दिलं
आणि त्याच्याकडेही काही उरलं नाही.
मधमाश्या ऐकू आल्या.
पाचच्या पाइपातलं पाणी ऐकू आलं,
चार वर्षांत पहिल्यांदा.
रोहीने कान हलवला, शेण टाकलं,
आणि आली त्याच बाजूला निघून गेली.

"बाबा, हात खाली घ्या आता."
त्यांना ते एकदम जमेनात.
एक मी घेतला, एक त्यांचा त्यांनी.

घड्याळ संध्याकाळी सापडलं, कुसळांत,
काच गेलेली, काटा फिरतच होता.
बाबांनी अंगठा टेकवला, पण दाबलं नाही.
मग विचारलं, "जितलं कोण?"
मला माहीत नव्हतं.
सातवरून जिंकणं दिसत नाही,
ती रेघ डोंगराच्या पलीकडे आहे.