हिरव्या टिकल्या

बॅलार्ड इस्टेट, चौथा मजला, रात्रीचे दोन दहा.
पडद्यावर एक हजार एकशे बारा टिकल्या,
सगळ्या हिरव्या.
कुठल्याच मशिनला कसलाच आजार नाही असं
जो सांगत होता
तोच आजारी होता.

हे कळायला मला एकोणीस दिवस लागले.
खरं म्हणजे कळलं होतं पहिल्याच दिवशी.
ज्यांनी तो बनवला त्यांचं पत्रक आलं होतं :
आमचा रखवालदार काही विशिष्ट पाकिटं उघडताना
शुद्ध हरपू शकतो. क्षमस्व.
सोबत ठिगळ जोडलं आहे.
मी अर्ज भरला. बदल-विनंती क्रमांक चारशे सात.
मंजुरी : शुक्रवारची बैठक.
शुक्रवारी मेहेरनोश सर उदवाड्याला,
पुढच्या शुक्रवारी ऑडिट,
मग कधीतरी कुणीतरी विचारलं,
"अँटिव्हायरसला कसला आलाय व्हायरस?"
आणि सगळे हसले. मीही हसले,
थोडीशी. पगारापुरती.

लोक म्हणतील, कुंपणानंच शेत खाल्लं.
नाही हो. कुंपणाला भूक नव्हती.
तो बिचारा आलेलं प्रत्येक पाकीट उघडायचा,
कुणाचं बिल, कुणाचा बायोडेटा, कुणाच्या बारशाचे फोटो,
हुंगायचा, जिभेवर ठेवायचा, मग पुढे सोडायचा.
कुणीतरी एक पाकीट पाठवलं
फक्त हुंगणाऱ्यासाठी.
आत एका फाइलचं नाव होतं, इतकं लांब
की वाचता वाचता त्याचा श्वास संपला
आणि उरलेली अक्षरं
त्याच्याच तोंडून
हुकूम म्हणून बाहेर पडली.

त्याचा हुकूम कोण मोडणार?
गोदी, क्लेम्स, पगार विभाग, चेअरमनची केबिन,
सगळ्या मशिनींना आम्हीच शिकवलेलं :
तो म्हणेल ते उघड, तो म्हणेल ते पूस,
त्याला विचारू नकोस तू कोण.

लॉगमध्ये एक अठ्ठेचाळीस ते एक सत्तावन्न,
नऊ मिनिटं नाहीत.
काढलेल्या दातासारखी;
जीभ पुन्हापुन्हा तिथेच जाते.
आणि खात्यांच्या यादीत, माझ्या नावाच्या बरोब्बर खाली,
एक नवीन नाव : सपोर्ट दोन.
आमच्याकडे सपोर्ट एक
कधीच नव्हता.

सरांना फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला.
मग चारशे सातचा निकाल लागायच्या आधीच
रॅकमागे ओणवी झाले,
तोंडात टॉर्च, ओढणी कमरेला,
निळी केबल सापडली. खटका दाबला.
एवढासा आवाज.
कापलेलं नख फरशीवर पडावं, तेवढा.

टिकल्या लगेच जात नाहीत.
दर दहा मिनिटांनी प्रत्येक मशिन त्याला हाक मारतं,
ओ आली नाही की करडं होतं.
पहिलं झालं गोदीच्या गेटवरचं,
मग पगार विभागातली तीन, एकदम,
मग मी मोजणं सोडलं.
आता कुणालाच राखण नव्हती,
आणि पडदा मात्र
कितीतरी दिवसांनी खरं बोलत होता.

खाली लाकडी स्टुलावर आंगणेकाका जागेच.
वही पुढे सरकवली. बाहेर जाण्याची वेळ, सही, कारण.
कारणाच्या रकान्यात पेन नुसतंच टेकवून उभी राहिले
तर म्हणाले, "वर चोर इलो की काय, बाय?"
आला होता, म्हटलं. गेलाय का, ते माहीत नाही.
त्यांनी टॉर्च पेटवला, बोट ठेवून
संध्याकाळपासूनची सगळी नावं वाचली, हळूहळू, माझंसुद्धा.
"हय तर कोणाचीच एन्ट्री नाय."
मी मान हलवली.
माझं लक्ष त्यांच्या कमरेकडे होतं,
सहा मजल्यांच्या किल्ल्या, एकाच कडीत.
त्यांनी वर पाहिलं नाही,
फक्त डावा हात
तिच्यावर नेऊन ठेवला.